सूर्याच्या कडेवरची कमान

डोंगरमाथ्यावरच्या सौरवेधशाळेत एकदा एक वयोवृद्ध आचार्य आपल्या सहकाऱ्यांसह सूर्याचे निरीक्षण करत होते. त्यांच्यात विशाखा सर्वांत नवी. फिल्टर बसवलेल्या दुर्बिणीला डोळा लावताच ती थबकली. तांबड्या बिंबाच्या कडेवर ज्वालेची एक पुसट कमान उभी होती. तिने घाईघाईने ती कागदावर रेखाटली.

तिचे ज्येष्ठ सहकारी हेरंब आणि सुलक्षणा यांनी आळीपाळीने पाहिले.

"कुठे काय आहे?" हेरंब हसला. "भास झाला तुला. नवीन असताना होतो असा."

सुलक्षणानेही नकारार्थी मान हलवली.

विशाखाचा चेहरा उतरला. मागच्या महिन्यातही तिचे एक निरीक्षण चुकीचे ठरले होते. आपण या कामाला लायकच नाही, असे तिच्या मनाने घेतले. ती आचार्यांकडे गेली. "सर, तुम्ही एकदा बघा. तुम्ही नाही म्हणालात तर मी हे चित्र फाडते आणि कामही सोडते."

आचार्य उठले; पण दुर्बिणीकडे न जाता बाहेरच्या कट्ट्यावर, आकाशाकडे पाठ करून बसले.

"एवढंही नाही करणार माझ्यासाठी?" तिने विचारले.

"तुझ्यासाठीच करत नाही," आचार्य शांतपणे म्हणाले. "मी 'आहे' म्हटलं, तर हेरंबला न बघताच दिसेल. 'नाही' म्हटलं, तर तुलाही दिसेनाशी होईल. सगळे माझ्या तोंडाकडे बघत बसलात, तर सूर्याकडे कोण बघणार? जा, तिघं मिळून पुन्हा बघा. सावकाश."

दारात उभा असलेला हेरंब वरमला. या वेळी तो नीट बैठक मारून बसला. फिल्टर किंचित फिरवत, वारा पडण्याची वाट पाहत राहिला.

"अगं, आहे!" तो एकदम म्हणाला. "पण कमान अखंड नाही. मधे तुटलीये बघ."

विशाखाने पाहिले. खरेच की! मधली फट तिच्याच पेन्सिलीने भरून काढली होती. तिला वाटले, आता लाज वाटेल. पण मनावरचे ओझेच उतरले. तिने चित्रातली ती रेघ खोडली आणि खुर्ची मोकळी करून दिली.

"सुलक्षणाताई, आता तुम्ही बसा," ती म्हणाली. "आम्हा दोघांच्या नजरेतून काय सुटलंय, ते सांगा."