सावरगावकरांची हरवलेली बारव

“मग बारव गेली कुठे, बाबा? पंख फुटून उडाली?”

टेकडीखालच्या तकियात, फकिराच्या मठीत, सकाळच्या पारी, प्रोफेसर सावरगावकर फणफणत होते.

कारणही तसंच. साडेचारशे वर्षांपूर्वीचा, कापडावर रंगवलेला नकाशा. मधोमध हीच टेकडी आणि तिच्या डाव्या अंगाला बारव, पायऱ्यांची विहीर. डावीकडे म्हणजे पश्चिम, हे तर शाळकरी पोरही सांगेल! प्रोफेसरांनी तीन उन्हाळे पश्चिमेचा माळ तुडवला. मिळाली ती कुसळं, तीही धोतरात.

घरी असे चाळीस नकाशे. त्यांच्यापायी बायकोच्या साड्या कपाटातून पलंगाखाली गेलेल्या. पण जीव अडकला होता याच एकात. आणि उद्या पुस्तक छापखान्यात जायचं होतं, त्यात लिहावं लागणार होतं : हा नकाशा खोटा.

“दाखव,” शहामीरबाबा म्हणाले. फकीर नव्वदीचे. दात दोनच उरलेले, तेही हसण्यापुरते.

प्रोफेसरांनी काचेची चौकट चिंचेच्या बुंध्याला टेकवून उभी केली.

“बघा. लिहिणारा शुद्धीत नव्हता. निम्मी अक्षरं उलटी, काही आडवी.”

“काच काढ.”

“धूळ लागेल, बाबा!”

“जमिनीचाच नकाशा ना?”

...

काच निघाली. बाबांनी कापड भुईवर अंथरलं, एका बाजूला स्वतः बसले आणि समोर बोट दाखवलं.

“तू तिकडे.”

प्रोफेसर कुरकुरत बसले. बघतात तो उलटी अक्षरं सुलटी!

“हे... चार बाजूंनी बसून लिहिलंय?”

“आणि वाचायचंही तसंच. भिंतीला काय टांगतोस? ओलं धोतर आहे?”

“पण बाबा, उत्तर वर असते!”

“कोणाच्या वर?”

 

बाबांनी कापडाच्या वरच्या काठावर बोट ठेवलं. “ही लाल टिकली कसली?”

“ती शोभेची. पुस्तकात पान बावन्न.”

 बाबा कापड हळूहळू फिरवत राहिले... टिकली नुकत्याच उगवलेल्या सूर्यासमोर आली, तेव्हा थांबले.



वर उगवती. म्हणजे डावीकडे...

प्रोफेसरांनी मान वळवली. उत्तरेला घाणेरीचं दाट रान. तीन उन्हाळे याच रानाकडे पाठ करून त्यांनी डबा खाल्ला होता.

“तीन वर्षं मी इथून जातोय. बोलला का नाहीत?”

“नकाशा आज दाखवलास.”

प्रोफेसर उठले. धोतर खोचलं. दोन पावलं गेले आणि एवढा मोठा माणूस लहान तोंडाने म्हणाला,

“बाबा... बुजली असेल तर?”

बाबांनी काळी पडलेली किटली त्यांच्या हातात दिली.

“चूल पेटवतो. चहाला पाणी घेऊन ये.”