सड्याचं गाऱ्हाणं

कोंडवळच्या सड्यावर, म्हणजे गावालगतच्या कातळपठारावर, पावसाळा सरताना जांभळी फुलं पसरत आणि कड्यावरून समुद्र दिसे. सडा गावाचा, त्यामुळे तो बघायला कुणाची परवानगी लागत नसे. मंत्री धुमाळेसाहेबांनी ही उणीव हेरली आणि तिथे कुंपणासह सरकारी विश्रामगृह मंजूर करून घेतलं. ग्रामसभेने हात जोडून नको म्हटलं, पण जोडलेले हात साहेबांना नेहमी स्वागताचेच वाटत.

भूमिपूजनाला देवाला गाऱ्हाणं घालायचा मान बाबल घाडींचा. त्यांचं लहानपण याच सड्यावर गुरं राखण्यात गेलेलं. घाडींनी मागावं, गावाने 'व्हय म्हाराजा' म्हणावं, की मागणं देवाला पोचलं, अशी तिथली श्रद्धा. निवडणूक तोंडावर असल्याने साहेबांचीही होती.

नारळ ठेवून घाडींनी डोळे मिटले.

"बा देवा म्हाराजा, सायबांका हो सडो खूब आवडलो."

"व्हय म्हाराजा."

"आवडलो म्हणान ते आता तेच्यार बसतले."

"व्हय म्हाराजा."

"तशीच सायबांची खुर्ची कोणाक तरी आवडांदे, आणि तो तिच्यार..."

"थांबा घाडी," साहेब घाईने म्हणाले. "हे मागे घ्या."

"घातलेला गाऱ्हाणा मागे घेवक येना नाय, सायबानू. फुडे काय म्हणू ता सांगा."

साहेबांनी पाहिलं, सगळा गाव 'व्हय' म्हणायला तोंड उघडून उभा होता.

"म्हणा, सडा आहे तसाच सगळ्यांसाठी राखीव राहू दे."

"व्हय म्हाराजा," घाडींची वाट न बघता गाव म्हणाला.

साहेबांच्या कारकिर्दीत इतक्या झटपट मंजूर झालेला हा एकच ठराव. मग नारळ फुटला आणि खोबरं सगळ्यांना वाटलं, साहेबांनाही.