राणीचा रांजण

राजासुद्धा थकतो, अशा दिवसांतली ही एका राज्याची हकिकत. राजाचे नाव धवलकीर्ती. राणी चारुमती वर्षापूर्वी निवर्तली, आणि आता एकुलती कन्या हेमांगी तापाने फणफणली होती. हाडे मोडल्यागत दुखत होती, अंगभर पुरळ उठले होते. घरोघरी हीच गत. वैद्य टेकीला आले, आणि राजा तर पार आंबून गेला.

ताप साधा नव्हता. राजाने हद्दपार केलेल्या मांत्रिकाने जाता जाता शाप दिला होता, की माझ्या लेकी तुमच्याच घरांत वाढतील आणि भरदिवसा तुम्हाला डसतील. त्या लेकी म्हणजे पायांवर पांढरे पट्टे असलेले डास. राजाने वेशीबाहेरची दलदल बुजवली, रान जाळले. डास हटेनात.

शेवटी तो देवराईतल्या बोलक्या साळुंकीकडे गेला. तिने तीन कामे सांगितली. पहिले, यक्षिणीच्या मागावरचे झिरझिरीत वस्त्र आणून आजाऱ्यांच्या पलंगांभोवती सोडायचे, म्हणजे त्यांना डसून डास ताप दुसरीकडे नेणार नाहीत. राजाने आग ओकणारी दरी ओलांडून ते आणले. दुसरे, नागलोकातले तेल आणून निरोग्यांच्या अंगाला लावायचे. राजाने तेही आणले. हाताला नाग डसला, त्यावर फडके बांधले आणि तो पुन्हा घोड्यावर बसला. कुरकुरायलाही त्राण नव्हते.

"तिसरे सोपे आहे," साळुंकी म्हणाली. "राणीचा रांजण पालथा कर."

हे मात्र राजाला जमणारे नव्हते.

त्या राज्याची रीतच तशी होती. गेलेल्या माणसाने शेवटचे भरलेले पाणी कोणी ओतत नसे. तो जीव तहानेने परत येतो, म्हणून रांजणावर झाकणही ठेवत नसत. असे रांजण घरोघरी होते, आणि राजाने आपला ओतल्यावाचून प्रजेतले कोणी हात लावणार नव्हते.

"दुसरे काहीही सांग," राजा म्हणाला. "तिच्या हातचे एवढेच उरले आहे."

"तिच्या हातचे केव्हाच आटले, राजा. रोज ओंजळभर पाणी तूच घालतोस. त्यावर मांत्रिकाच्या लेकी पोसल्या जातात."

राजा जड पावलांनी महालात परतला. वर्षभर तो डोळे मिटून रांजणात ओंजळ रिती करत आणि हात जोडत आला होता, आज पहिल्यांदा आत डोकावला. पाणी निवळशंख होते आणि त्यात बारीक अळ्या वळवळत होत्या. महालातून हेमांगीचे कण्हणे ऐकू आले. राजाने रांजणाला मिठी मारली आणि तो कलंडवला. पाणी अंगणातल्या तापल्या फरशीवर पसरले, अळ्या तिथेच सुकल्या. राणी गेल्यापासून न रडलेला राजा त्या ओल्या फरशीवर बसून पोटभर रडला. मग उठून त्याने काथ्याने रांजण आतून घासला, कारण अंडी कडेला चिकटून राहतात असे साळुंकीने बजावले होते.

वार्ता नगरात पोचली, तसे रडत रडत लोकांनीही रांजण ओतले. नवे डास निपजेनात, जुने मरून गेले, नवा ताप कोणाला येईना. दर आठवड्याला भांडी कोरडी करायची आणि भरली की झाकायची, अशी नवी रीत पडली. शाप उतरला तो असा.

हेमांगी उठून बसली तेव्हा अजून अशक्त होती. पेज पिता पिता तिने आईच्या रांजणाचे विचारले. राजाने खरे ते सांगितले.

"मग आई तहानलेली आली तर?"

"हाक मारेल," राजा म्हणाला. "आपण ताजे काढून देऊ."

तिने मान हलवली आणि उरलेली पेज संपवली.