कुठवर थांबायचं

एका मध्यम गावाच्या विमानतळावर एकदा एक वृद्ध नियंत्रक होते. विमानाला 'नीघ' म्हणणं आणि 'थांब' म्हणणं, हे त्यांचं उभ्या आयुष्याचं काम. निवृत्ती जवळ आलेली, म्हणून त्यांच्या हाताखाली एक शिष्या शिकायला दिली होती. मुलगी बुद्धीने तल्लख, पण मनाने फार हळवी. स्वतःचं रांगतं मूल सासूबाईंपाशी ठेवून ती कामावर यायची, त्यामुळे वाटेत कुणाचंही लेकरू रडलं तरी हिचा पाय अडखळायचा.

त्या दिवशी सकाळी ती कामावर येत होती, तर विमानतळाच्या दाराशी एक बाई उभी. कडेवर पाच-सहा महिन्यांचं मूल, शेजारी नवरा, त्याच्या हातात दवाखान्याची पिशवी. मूल किरकिरत होतं, आईचा पदर ओढत होतं. बाईने शिष्येच्या गळ्यातलं ओळखपत्र पाहिलं आणि विचारलं, "ताई, तुम्ही इथल्याच ना? मोठ्या शहराचं विमान वेळेवर सुटेल का हो?"

"सुटेल की. आभाळ बघा कसं लख्ख आहे."

"विचारते एवढ्यासाठी, की तिकडे दुपारी याची तपासणी आहे. झोपेचं औषध देऊन करणार आहेत, म्हणून पोट रिकामं ठेवायला सांगितलंय. पहाटे पाजलं तेवढंच. आजचा नंबर चुकला तर डॉक्टर गावाला जाणार, मग महिन्याने या म्हणतात."

नवरा म्हणाला, "अगं, त्यांना कशाला सगळं पुराण सांगत बसलीस?"

"तुमचा पदर नाही ना ओढत तो."

शिष्येला हसू आलं. "काळजी करू नका, वेळेवर जाईल," असं सांगून ती मनोऱ्याच्या पायऱ्या चढली.

वर आली तो निरोप येऊन पडलेला. देशभरच्या आभाळातली गर्दी मोजणारं एक केंद्र असतं. कुठल्या विमानतळावर किती विमानं उतरू शकतील याचा हिशेब तिथे होतो, आणि त्याप्रमाणे बाकीच्या गावांना वेळा वाटून दिल्या जातात. मोठ्या शहरावर दाट धुकं उतरलं होतं. तिथे निम्मीच विमानं उतरू शकत होती. म्हणून या गावच्या विमानाने साडेअकराला उडावं, त्याआधी नाही, असा तो निरोप होता. म्हणजे सुमारे दोन तासांचा उशीर.

शिष्येने खिडकीतून पाहिलं. धावपट्टी मोकळी, ऊन पडलेलं, विमान धुऊनपुसून उभं. आणि तिच्या कानात त्या मुलाची किरकिर. वृद्ध नियंत्रक पलीकडच्या टेबलावर दुसऱ्या फोनवर बोलत होते. तिने विमान कंपनीच्या पानसे नावाच्या व्यवस्थापकाला फोन लावला.

"लोकांना बसवून घ्या आणि दारं लावून तयार राहा. तयार आहोत असं कळवलं की कधी कधी उतरणाऱ्यांच्या रांगेत मधेच जागा मिळते."

"आणि लोकांना किती वेळ सांगू?"

"थोडा वेळ म्हणा. पाच-दहा मिनिटं."

पानश्यांनाही तेच हवं होतं. दोन तास म्हटलं की लोक अंगावर येतात, पाच मिनिटं म्हटलं की गप्प बसतात. सगळे बसले, दारं लागली. थोड्या वेळाने वैमानिकाने विचारलं, "निघू का?" शिष्या म्हणाली, "थोडं थांबा." त्याने पुन्हा विचारलं, तिने पुन्हा तेच उत्तर दिलं. तिसऱ्या वेळी वृद्ध नियंत्रकांनी मान वळवली.

"थोडं म्हणजे किती गं?"

"थोडंच, सर."

"आपल्याला तर नेमकी वेळ आली आहे."

"आली आहे. पण मधेच जागा मिळाली तर?"

"तिकडचं धुकं पाहिलंस ना? आज मधली जागा कुणालाच मिळायची नाही. ही आशा तुझी आहे, त्या विमानाची नव्हे."

तेव्हा शिष्येने दाराशी भेटलेल्या बाईची सगळी हकिकत सांगितली. "सर, इथून तरी सोडा ना त्याला. आपलं आभाळ स्वच्छ आहे. वर गेलं की पुढचं पुढे बघतील. दुधावाचून राहिलेलं लेकरू आहे त्यात."

वृद्धांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग त्यांनी फोन उचलला. शिष्येला वाटलं, आता हे केंद्राकडे रदबदली करणार. पण त्यांनी फोन केला तो पानश्यांना.

"पानसे, माझं ऐकाल तर दारं उघडा आणि लोकांना खाली उतरवा. साडेअकराच्या आत विमान हलणार नाही, असं स्वच्छ सांगा."

"साहेब, आत्ता तर बसवले. आता उतरवले तर लोक मला खातील."

"खाऊ देत. उपाशी तरी राहणार नाहीत."

शिष्या थक्क झाली. जे बोलायचं नव्हतं ते तिच्या तोंडून निघून गेलं. "सर, मी लेकराचं सांगितलं म्हणून तुम्ही त्याला सोडाल असं वाटलं होतं. तुम्ही तर बसलेल्याला उठवलंत."

वृद्धांना राग आला नाही. ते म्हणाले, "लग्नात पंगतीला बसली आहेस ना कधी? जेवणारा अजून भातावर असतो आणि पुढच्या पंगतीचा माणूस त्याच्या खुर्चीमागे येऊन उभा राहतो. त्याने काय होतं? जेवणाऱ्याचा घास उतरत नाही, वाढप्याला वाट मिळत नाही, आणि उभा राहिलेला काही आधी जेवत नाही. नुसती खोळंब्यात भर. आपलं विमान आत्ता सोडलं तर ते तिथे जाऊन असंच खुर्चीमागे उभं राहील. आभाळात उभं राहता येत नाही, घिरट्या घालाव्या लागतात, आणि घिरट्यांना इंधन लागतं. इंधन सरत आलं की दुसऱ्याच गावी उतरायचं. मग त्या बाईने तान्ह्याला घेऊन परक्या गावात काय करायचं? थांबायचंच असेल तर माणसाने मांडवाबाहेर थांबावं. तिथे पाणी मिळतं, सावली मिळते, पाय मोकळे करता येतात. जमिनीवरचा उशीर नुसता दिसायला मोठा असतो."

"ते कळलं, सर. पण मुलाचं काय?"

"त्याचं आपण काही करू शकत नाही. त्याची आई करू शकेल. तिला वेळ सांगितलीस का?"

"नाही, सर."

"मग खाली जा आणि तूच सांग."

हे तिला सगळ्यांत जड गेलं. पायऱ्या उतरताना तिला वाटत होतं, ती बाई आपल्याला फाडून खाईल, आणि खाल्लं तरी तिचं काही चुकणार नाही. खाली गलका उडालाच होता. एक गृहस्थ पानश्यांना म्हणत होते, "बसवता काय, उतरवता काय, आम्ही काय भाजीच्या टोपल्या आहोत?" बाई एका कडेला उभी होती. मूल आता मोठ्याने रडत होतं.

शिष्येला पाहताच ती म्हणाली, "ताई, तुम्ही तर म्हणाला होतात..."

"म्हणाले होते. कुणाला न विचारताच म्हणाले. तुमचं विमान साडेअकराला उडेल. आधी नाही."

"नक्की?"

"नक्की. तिकडे धुकं आहे, पण उतरायची वेळ तुमच्या विमानाला मिळालेली आहे."

बाई रागावली नाही, रडली नाही. ती नवऱ्याकडे वळली आणि म्हणाली, "लावा दवाखान्यात फोन." त्याने लावला, आणि फोन तिनेच हातात घेतला. "सिस्टर, आम्ही दोन तास उशिरा पोचतोय. हो, पक्कं. आमचा नंबर शेवटी घेता येईल का?" मग बराच वेळ ती नुसती "हं, हं" करत राहिली. शेवटी फोन नवऱ्याच्या हातात देत म्हणाली, "संध्याकाळी घेतो म्हणतात. आत्ता पोटभर पाजा, त्यानंतर मात्र एक थेंब नको."

भिंतीशी एक बाक होता. तिथे पाठ वळवून ती बसली, तिने पदर ओढून घेतला, आणि रडणं मधल्यामध्ये तुटलं. मूल इतक्या घाईने पीत होतं की त्याला ठसका लागला. तिने त्याच्या पाठीवर हात फिरवला आणि मान न वळवताच म्हणाली, "विमानात ते पाच मिनिटं, पाच मिनिटं करत होते ना, तेव्हा मी याला असाच धरून बसले होते. आता निघेल, मग निघेल. तसेच बसून राहिलो असतो तर हा उपाशी राहिला असता आणि तिकडचा नंबरही गेला असता."

शिष्या पायऱ्या चढून वर गेली.

साडेअकराला विमान उडालं. पुढे निरोप आला, की एकही घिरटी न घालता ते थेट उतरलं. धुक्यातून वाट काढत विमानं एकामागून एक उतरत होती, त्यांत हेही आपल्या जागी जाऊन बसलं.

काम थोडं निवल्यावर शिष्येने विचारलं, "सर, दवाखाना वेळ बदलून देईल हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"छे. मला कुठून ठाऊक असणार? नाहीही म्हणाले असते ते."

"मग?"

"एवढं ठाऊक होतं, की वेळ कळल्याशिवाय ती विचारणारच नाही."

तेवढ्यात दुसऱ्या विमानाच्या वैमानिकाने विचारलं, अजून किती थांबायचं. शिष्येने त्या विमानासाठी आलेला निरोप नीट वाचला, आणि त्यात जी वेळ होती ती जशीच्या तशी सांगितली. वैमानिकाने ती मुकाट्याने लिहून घेतली.

कुणाचं थांबणं टाळणं अनेकदा आपल्या हातात नसतं. कुठवर थांबायचं तेवढं सांगणं मात्र असतं.