गिरीबुवांचा दोष

“पण तो मागे का वळतो?”

गिरीबुवांनी तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा त्रिविक्रमाचा पारा चढला.

“बुवा, मंगळ कुठल्या नक्षत्रात थबकेल, कधी मागे वळेल, परत कधी सरळ चालू लागेल, सगळं मी आधी सांगितलं. तसंच घडलं. राजाचं बोलावणं आलंय. आणखी काय पाहिजे?”

“गणित चोख आहे. असं गणित मलाही कधी जमलं नाही.” बुवा म्हणाले. “पण मागे का वळतो? घरी काही विसरला होता का?”

त्रिविक्रम हसला नाही. हुशार माणसाला आपल्या विषयाची थट्टा सोसत नाही, आणि त्रिविक्रम फारच हुशार होता.

“त्याची चालच तशी आहे.”

“का?”

“तुम्हाला ठाऊक असेल तर तुम्हीच सांगा ना!”

बुवांनी विषय सोडून दिला.

आमच्या मठाची एक रीत आहे. शिष्याने निरोप घेताना गुरूचा एक दोष तोंडावर सांगायचा. दोष खरा असेल, तर गुरू स्वतःच्या हाताने त्याच्या पडशीला गाठ मारून देतात. गाठ मिळाली नाही, तर तो कुठेही जावो, या मठाचा शिष्य म्हणून त्याला कुणी ओळखत नाही. बाकीचे गुरू पाय धुऊन घेतात, आमचे गुरू दोष ऐकून घेतात. आम्हाला याचा अभिमान आहे, खोटं कशाला बोलू?

दरबारातही त्या गाठीला मान होता. त्रिविक्रमाला ती हवीच होती.

पडशी खांद्यावर टाकून तो बुवांसमोर उभा राहिला.

“निघतो, बुवा. दोष सांगू?”

“सांग.”

“तुम्ही मागे चाललात. मी आलो तेव्हा कितीतरी पुढे होतात. मग एका जागी थांबलात. आता तर मागे मागेच येताय. पूर्वी मी विचारलं की तुम्ही सांगायचात. आता मी विचारलं की तुम्हीच उलट विचारता.”

बुवांवर त्याचा जीव होता. फक्त स्वतःवर जरा जास्त होता.

बुवा उठले. “चल, रस पिऊन येऊ.”

मठाच्या खालच्या शिवारात येसाजी पाटलाचं गुऱ्हाळ लागलं होतं. दिवस कलला होता. मधोमध उसाचा चरक, त्याच्या लांब आडव्या लाकडाला जुंपलेले बैल, आणि ते आपले गोल गोल फिरत होते. पलीकडे डोंगराची रांग. डावीकडे सुळका, मग खिंड, उजवीकडे देवीचं देऊळ.

“लाकडावर बस.” बुवा म्हणाले.

“मी?”

“राजाच्या पालखीत बसण्याआधी जरा सवय होऊ दे.”

येसाजी पाटील खो खो हसला. त्रिविक्रमाचे कान लाल झाले, पण तो बसला.

“आता मी डोंगराच्या बाजूने, बैलांच्या वाटेबाहेरून चालतो. बैल जातात त्याच अंगाने, पण माझ्या वयाला शोभेल असं. तू फक्त बघायचं, माझ्या पाठीमागे डोंगरावर काय दिसतं. आणि मोठ्याने सांगायचं.”

बैल निघाले. बुवाही हळूहळू चालू लागले.

लाकूड बुवांपासून लांब, चरकाच्या दुसऱ्या अंगाला गेलं. तिथून त्रिविक्रम ओरडला, “सुळका!”

थोड्या वेळाने, “खिंड!”

मग, “देऊळ!”

“चाललोय ना पुढे?”

“चाललात, बुवा.”

लाकूड फिरून बुवांच्या जवळ येऊ लागलं. त्रिविक्रमाने डोळे बारीक केले.

“देऊळच... अजून देऊळच. थांबलात का?”

बुवांच्या खडावांचा आवाज मात्र सुरूच होता.

लाकूड बुवांच्या शेजारून पुढे सरकलं.

“परत खिंड! बुवा, तुम्ही मागे...”



हातभर अंतरावरून तो बुवांकडे बघत होता. बुवा पुढेच चालले होते. ना थांबले होते, ना वळले होते. डोंगरावर मात्र ते मागे जात होते...

बैल आणखी एक फेरा फिरून आले. त्रिविक्रम या वेळी बुवांच्या पायांकडे बघत होता. दुसऱ्या फेऱ्यानंतर पाटलाने बैल थांबवले.

त्रिविक्रम उतरला तो आधी एक पाय टेकवून, जमीन जागेवर आहे की नाही याची खात्री करत.

“म्हणजे मंगळ वळतच नाही.” तो म्हणाला. “तो बाहेरच्या वाटेवर आहे, सावकाश चालणारा. आणि आपण आतल्या वाटेवर... बुवा, ही भुई...”

तो पायांकडे बघत राहिला. मग एकदम हसला, लहान मूल हसतं तसा. बुवांचा चेहरा अभिमानाने उजळला होता. तो लपवावा म्हणून ते उगाच खडावांची माती झाडत बसले.

पाटलाने रसाचे पेले आणून दिले. कुणीच तोंडाला लावले नाहीत.

“बुवा, मी सांगितलेला दोष खोटा होता.”

“हं.”

“दुसरा सापडत नाही. गाठ मागत नाही मी.”

पडशी खांद्यावर सारखी करून तो वाकला, बुवांच्या पायांना हात लावला आणि चालू लागला. बांधापर्यंत गेला... आणि थबकला. तसाच परत आला.

“एक विचारू? मी शेजारून पुढे गेलो, तेव्हा तुम्हाला मी कसा दिसलो?”

“मागे जाताना.”

त्रिविक्रमाने मान खाली घातली.

“मग इतक्या वर्षांत तुम्ही मला कधी तसं म्हणाला नाहीत...”

“हा दोष खरा.” बुवांनी त्याची पडशी पुढे ओढून घेतली. गाठ मारली. ओढून बघितली, पक्की बसली होती.

“मीही चालतच होतो ना, बाळा.”