उलट्या टांगलेल्या पिशव्या

एका गावात एक पिशवीवाली राहायची. तिचा कारखाना म्हणजे घराची ओसरी, मदतीला दोन शेजारणी आणि एक भली मोठी सुई. पण पंचक्रोशीत तिचं नाव होतं. अंबाडीची ताटं ओढ्यात भिजत घालायची, दहा-बारा दिवसांनी ती कुजली की सोलून, धुऊन त्यांचा वाख काढायचा. वाखाचंच कापड आणि वाखाच्याच दोऱ्याची शिवण, हा तिचा नेम.

पिशवी देताना ती प्रत्येकाला सांगायची, "फाटली की वेलाच्या बुडाशी पुरा. एका पावसाळ्यात माती होईल. नाही झाली तर मला येऊन बोला."

लोक हसायचे, पण पुरायचे. तिच्या दारचा दुधीसुद्धा असल्याच जुन्या पिशव्यांवर पोसलेला होता.

एकदा जत्रेच्या तोंडावर एक व्यापारी आला. त्याला आठ दिवसांत शंभर पिशव्या हव्या होत्या. कापड विणून तयार होतं, दोरा मात्र संपलेला. ताटं कालच पाण्यात गेली होती, आणि ओढा काही कोणाच्या जत्रेसाठी घाई करत नाही.

व्यापाऱ्यानं नायलॉनच्या दोऱ्याचं रीळ पुढं केलं. "शिवण आत असते, बाई. कोण उलटी करून बघतंय?"

एवढं मोठं काम पहिल्यांदाच आलं होतं. शेजारणी तिच्या तोंडाकडं बघत होत्या. तिनं सुई उचलली आणि तिच्यात नायलॉन ओवला.

जत्रेत पिशव्या हातोहात खपल्या, गावातल्याही कितीतरी जणांनी घेतल्या. "यंदा शिवण काय पक्की घातलीय मावशीनं!" असं जो तो म्हणू लागला. ते कौतुक तिला गोड लागलं नाही, पण ती गप्प राहिली.

दोन वर्षं गेली. त्यातल्या काही पिशव्या फाटून परत आल्या, तिनं सवयीनं त्या दुधीच्या बुडाशी पुरल्या. त्या साली वेल मधेच वाळला. तिनं तो उपटला, तर मुळांना नायलॉनच्या दोऱ्याचा गुंता आवळून बसलेला. कापडाची माती झाली होती, दोरा होता तसाच होता. गावात ज्यानं ज्यानं तिचं ऐकलं, त्याच्या दारी हेच असणार.

पाहिलं होतं फक्त तिनं. पायानं माती लोटली की झालं. तिनं पाय उचललाही.

तेवढ्यात कुंपणापलीकडून शेजारच्या मळ्यातली माळीण म्हणाली, "अगं, यंदा माझे दोडके काही धरेनात. तुझ्या चार जुन्या पिशव्या दे की, बुडाशी घालते."

पिशवीवालीनं तो गुंता उचलून तिच्यापुढं धरला. "देत नाही. आधीच्या पुरल्यास त्याही उकर. मी नायलॉननं शिवल्या होत्या."

माळिणीनं तो दोरा बोटानं ओढून पाहिला, तुटेना. "आणि मला वाटत होतं, माझ्याच हाताला गुण राहिला नाही," एवढंच बोलून ती निघून गेली.

त्याच दिवसापासून पिशवीवाली दारोदार फिरली. चूक सांगायची, पिशवी मागायची, शिवण उसवून वाखाच्या दोऱ्यानं पुन्हा घालून द्यायची. कोणी समजून घेतलं, कोणी चार शब्द सुनावले. व्यापारी दोनशे पिशव्यांचं काम घेऊन आला, तेव्हा तिनं उरलेलं रीळ त्याच्या हातावर ठेवलं.

"गप्प बसली असतीस तर कोणाला कळलं असतं?" तो म्हणाला.

"मला कळलं होतं ना," ती म्हणाली. काम अर्थातच दुसरीकडं गेलं.

पुढच्या साली भर बाजारात तिनं सगळ्या पिशव्या उलट्या करून टांगल्या, शिवण बाहेर. लोक लांबूनच बघत होते. दुपार कलल्यावर माळीण आली. एक पिशवी तिनं हातात घेतली, टाका न् टाका बोटानं चाचपला, दोनदा ओढून पाहिला. मग ती सुलटी केली आणि तिच्यात आपले यंदा धरलेले दोडके भरले.

तात्पर्य: लपवलेली चूक आपल्यावर विश्वास टाकणाऱ्याच्या दारी रुजते. ती आपल्याच हातानं उसवली, तरच गेलेला विश्वास परत यायला वाट मिळते.