रिकाम्या खोलीतल्या पिसवा

एकदा एका बाजारपेठेच्या गावी, पिठाच्या गिरणीपुढच्या रांगेत एक अफवा अर्धीच ऐकू आली. "अगं, म्हातारा रिकाम्या खोलीत शिरला, दार लावून घेतलं आणि आत एकटाच नाचला! बाहेर आला तर सगळा रोग त्याच्या धोतराला चिकटलेला. आणि तिकडे ती कुत्री..." एवढ्यात गिरणीचा पट्टा फिरला आणि कुत्रीचं पुढे काय झालं ते घरघरीत बुडालं. पण बायकांना अर्धं कळलं तरी पुरतं. उरलेलं प्रत्येकीनं घरी पोचेपर्यंत आपापल्या मनानं पुरं केलं. एकीच्या सांगण्यात कुत्री ताडकन उठून पळाली. दुसरीनं तर खोलीतून निळा धूर निघताना पाहिला, आणि ती बाई त्या आळीत राहतसुद्धा नव्हती.

प्रत्यक्ष काय घडलं ते विश्रामला ठाऊक होतं. तो त्या दाराबाहेरच उभा होता.

विश्राम हा त्या म्हाताऱ्याचा शिष्य. म्हातारा म्हणजे गुराढोरांचा जुना डॉक्टर. सरकारी दवाखान्यातून निवृत्त होऊनही त्याला पुष्कळ वर्षं लोटली होती. पांढऱ्याशुभ्र धोतरामुळे लोक त्याला बुवा म्हणत. विश्राम त्याच्याकडे विद्या शिकायला आलेला, हुशार पण घाईचा. योग्य औषधाचं नाव कळलं की विद्या पुरी झाली, अशी त्याची प्रामाणिक समजूत होती.

एके सकाळी गुळाचे व्यापारी रेवणशेट बुवांच्या ओसरीवर येऊन बसले. चेहरा उतरलेला.

"बुवा, आमची मैना कुत्री आता जगत नाही. पिसवांनी पोखरली हो तिला. साबण झाला, पावडर झाली, ते मानेवर थेंब टाकायचं भारी औषधसुद्धा दर खेपेला घातलं. औषधातच दम राहिला नाही आजकाल. येत्या बाजाराला टेम्पोत घालतो आणि खिंडीपलीकडे सोडून येतो. डोळ्यांपुढे मरायला नको. फक्त आईला कळू देऊ नका."

शेटची आई, गोदाक्का, कानांनी अगदी गेलेली. तिच्याशी बोलायचं तर ओरडावं लागे, आणि ओरडायचा कंटाळा म्हणून घरातल्यांचं तिच्याशी बोलणंच आटत गेलेलं. मैना तेवढी तिच्याशी बोले. दूध उतू जाऊ लागलं की पदर ओढी, दाराशी कुणी आलं की हाताला नाक लावी. मैना गेली असती तर त्या म्हातारीला भरल्या घरात जंगलात सोडल्यासारखं झालं असतं. हे शेटला कळत नव्हतं असं नाही. पण हरलेला माणूस आधी दार बंद करतो, विचार मागाहून करतो.

बुवा उठले आणि विश्रामला घेऊन शेटकडे निघाले. शेटच्या परसात मैना पडलेली होती. बुवांनी तिचा ओठ वर करून पाहिला. हिरड्या कागदासारख्या पांढऱ्या. कान उलटून पाहिले, पायांच्या बोटांच्या बेचक्या पाहिल्या. तिथं एक गोचीड फुगून बसली होती. विश्राम ती नखानं चिरडायला गेला, तर बुवांनी त्याचा हात धरला. "बोटं लावू नकोस. चिमट्यानं अगदी कातडीलगत धर आणि सरळ ओढ." मग शेटला म्हणाले, "टेम्पो बाजाराला नको, आत्ताच काढा. हिच्या अंगात रक्त उरलेलं नाही. तालुक्याच्या दवाखान्यात न्या. आणि ही निजते कुठे?"

"आता इथंच, उघड्यावर. आधी मागच्या कोठीत, गुळाच्या गोणपाटावर निजायची. पिसवा झाल्या म्हणून बाहेर काढली आणि कोठीला कुलूप घातलं. उन्हाळ्यापासून तिथं कुणाचं पाऊल पडलेलं नाही."

"कुलूप काढा."

विश्रामला कळेना. जीव इथं परसात चाललाय, आणि गुरुजींना रिकामी कोठी बघायचीय! पण बुवा आत गेले, दार ओढून घेतलं, आणि आतून धप् धप् असा आवाज येऊ लागला.

"वय झालं हो," शेट हळूच म्हणाले.

विश्रामनं फटीला डोळा लावला. झरोक्यातून उन्हाची एक तिरीप जमिनीवर उतरली होती, आणि तिच्या कडेकडेनं बुवा पाय आपटत फिरत होते. खरंच नाचल्यासारखे. मग ते मध्येच स्तब्ध उभे राहिले. कुणीतरी यायचं आहे आणि त्याला जागा करून द्यावी, तसे.

दार उघडून ते उंबऱ्यावर आले. "विश्राम, धोतराकडे बघ."

विश्रामनं पाहिलं आणि त्याच्या अंगावर सर्रकन काटा आला. काठापासून गुडघ्यापर्यंत पांढऱ्या धोतरावर मोहरी सांडावी तसे काळे ठिपके होते, आणि ते ठिपके वर चढत होते. ज्या खोलीत उन्हाळ्यापासून श्वास नाही, घास नाही, रक्ताचा थेंब नाही, त्या खोलीतून हे जिवंत कुठून आलं?

बुवांनी धोतर बदलून साबणाच्या पाण्यात बुडवलं. मग टेम्पो दाराशी येईपर्यंत ओट्यावर बसून ते सावकाश बोलू लागले.

"पिसू वाढते तेव्हा स्वतःभोवती धाग्याचा कोश विणते, वर धूळ लावून घेते आणि आत निजते. खात नाही, पीत नाही. जमीन हलेपर्यंत, कुणाच्या अंगाची ऊब येईपर्यंत ती वाट पाहते. महिनोन्महिने पाहते. ऋषींनाही न साधणारा तो धीर त्या राईएवढ्या जिवात कुणी घातला असेल, याचा मी आयुष्यभर विचार करतो आहे, मला कळलेलं नाही. मैनेच्या अंगावर तुम्ही ज्या बघता त्या मूठभर. बाकी सगळं गाव या फटींत आणि गोणपाटांत आहे. शेट, औषध हरलं नाही. अंगावरच्या मेल्या, जमिनीतल्या उठल्या, आणि त्यांना बघून तुम्ही हरलात. आता मैनेला खिंडीपलीकडे सोडाल, तर या कुणाची वाट पाहतील? ज्याचं पाऊल आधी पडेल त्याची. तुमच्या आईचं."

शेटनं मान खाली घातली. मग एकदम म्हणाले, "पण बुवा, औषध घातल्यावर अंगावरच्या तरी मरायला हव्या होत्या ना? त्याही मरत नव्हत्या."

गोदाक्का मैनेजवळ येऊन बसली होती. बुवांनी तिच्याकडे वळून तिच्या कानाशी मोठ्यानं विचारलं, "अक्का, औषध घातल्यावर मैनेला आंघोळ कोण घालतं?"

"मीच!" अक्का कौतुकानं म्हणाल्या. "त्या औषधाचा वास कसला उग्र! संध्याकाळी शिकेकाईनं चांगली खसखसून घालते. पारोशी कशी येऊ देऊ देवघराशी? माझ्याजवळच बसते ना ती दिवा लावताना."

जिचा मैनेवर सगळ्यांहून जास्त जीव, तिच्याच हातानं दर खेपेला औषध मोरीतून वाहून गेलं होतं. बुवांनी तिला दोष दिला नाही. एवढंच म्हणाले, "देवाला मी सांगतो अक्का. औषधाच्या आधी दोन दिवस आणि नंतर दोन दिवस तिची आंघोळ माफ."

"मला ओरडून सांगा, त्याला हळू सांगितलं तरी चालेल," अक्का म्हणाल्या.

तेवढ्यात पोत्यांच्या थप्पीवरून एक मांजर उतरलं आणि अंग खाजवत बसलं. बुवांनी विचारलं, "आणि हिला काय घालता?"

"ती आमची नाही. नुसती येते-जाते."

"हे पिसवांना सांगितलंत का कुणी?" बुवा हसले. "हिलाही त्याच दिवशी घाला. पण मांजराचं वेगळं येतं, तेच. कुत्र्याचं घातलंत तर जिवाला मुकेल बिचारी."

मैना दवाखान्यातून परतली ती पेंढ्यावर पडूनच. विश्रामनं घरच्यांसोबत कोठी झाडली, फटी खरवडल्या, केर घराबाहेर जाळला. गोणपाटं उकळत्या पाण्यातून काढून कडक उन्हात टाकली. केस बाजूला सारून थेंब केसांवर नव्हे, कातडीवर कसा सोडायचा, हे त्यानं शेटला दाखवलं. आणि मैना उभी राहू लागली तशी बुवांनी तिला पुन्हा कोठीतच निजवायला सांगितलं. विश्राम चमकला. बुवा म्हणाले, "आता तिच्या अंगात औषध आहे. जी उठेल ती हिच्यावर उडी घेईल आणि मरेल. ज्या मैनेला तुम्ही घालवायला निघाला होता, तीच हे घर निवळून देणार आहे. फक्त औषधाची तारीख चुकवू नका. त्यांचा धीर मोठा आहे, आपला त्याहून मोठा हवा."

दसऱ्याला शेट गुळाची ढेप घेऊन बुवांकडे आले, सोबत आळीतली दोन-चार माणसं. "बुवांनी नाचून रोग ओढला आणि मैना जागच्या जागी उठली!" शेट स्वतःच सगळ्यांना सांगू लागले. आता त्यांनाही तेच खरं वाटू लागलं होतं.

"पाय आपटले ते खरं," विश्राम म्हणाला. "धोतराला चिकटल्या तेही खरं. पण त्या दिवशी मैना उठली नाही, शेट. तुम्हीच तिला उचलून टेम्पोत ठेवली होती. आणि ती उठली तोवर आपल्या सगळ्यांच्या कमरा मोडल्या होत्या." माणसं जराशी हिरमुसली. शेट मात्र हसले, आणि हसताना त्यांचे डोळे भरून आले.

शेट परतले तेव्हा विश्रामही त्यांच्यासोबत त्यांच्या घरी गेला. स्वच्छ पांढरा लेंगा घालून कोठीत गेला, पाय आपटले आणि स्तब्ध उभा राहिला. बराच वेळ काही नाही. मग घोट्यापाशी एकच काळा ठिपका आला. विश्रामला राग आला नाही. इतके दिवस अंधारात जागत बसलेल्या त्या एकट्या जिवाकडे तो नवलानं पाहत राहिला. मग त्यानं तो साबणाच्या पाण्यात सोडला, आणि बाहेर येऊन गोदाक्काच्या कानाशी पुढच्या औषधाची तारीख मोठ्यानं सांगितली.